कमरेचं मी बघून घेईन

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कमरेची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. इतके दिवस ती डॉक्टरांवर सोडली, हीच चूक झाली.

सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडासमोर धरली, चहात साखर ढवळायला लागतो तेवढा वेळ पाहिली आणि म्हणाले, काळजीचं काही नाही. मणक्यांची थोडी झीज आहे, वयाप्रमाणे. डोक्यावरचे केस पांढरे होतात तसं. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशांच्या फिल्ममध्येही हे दिसतं. ऑपरेशन नको. पडून राहणं तर अजिबात नको. हालचाल वाढवा, फिजिओथेरपी सुरू करा.

तीन वर्षं दुखणारी कंबर, आणि हा गृहस्थ केसांवर घसरतो. मी शांतपणे सांगितलं की मी गाद्यांच्या शोरूममध्ये सीनियर सेल्समन आहे आणि पाठीचा कणा या विषयावर रोज बोलतो. ते म्हणाले, छान. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

बायको बरोबर होती, फिल्मची पिशवी धरायला. बाहेर बाकावरून उठताना ही भिंतीला हात लावून उठली. म्हटलं, चक्कर येते का. म्हणाली, नाही. मग टॅक्सी शोधायला तीच गेली, कारण मला उभं राहवत नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओबाईंकडे. बाई कसली, आमच्या मुलीच्या वयाची मुलगी. मला म्हणाली, वाकून दाखवा. म्हटलं, वाकता आलं असतं तर इथे कशाला आलो असतो. म्हणाली, जमेल तेवढं. गुडघ्यापर्यंत हात नेले. तिने विचारलं, आणखी खाली गेलात तर काय होईल असं वाटतं. म्हटलं, आत काहीतरी तुटेल.

मग तिने समजावलं. दुखणं म्हणजे दरवेळी इजा नव्हे. घराला चोर आला की वाजणारा अलार्म असतो ना, तो कधी कधी इतका हळवा होतो की मांजर गेलं तरी कोकलतो. तुमचा अलार्म तसा झालाय. घर शाबूत आहे. जपून जपून स्नायू आखडलेत आणि भीती वाढलीय. थोडी थोडी हालचाल वाढवली की अलार्म शांत होत जाईल. एकदम नाही, हळूहळू. पूर्ण कधी थांबेल ते सांगता येत नाही, पण तुमचा दिवस तो ठरवणार नाही, एवढं नक्की जमतं.

मग म्हणाली, झोप, काळजी, मनावरचा ताण यांनीही दुखणं वाढतं. घरी कसं आहे? म्हटलं, उत्तम. कामावर? उत्तम. मग ताण कसला? म्हटलं, कमरेचा. तिने काहीतरी लिहून घेतलं.

रोज चालायचं. दुखलं म्हणून लगेच घरी पळायचं नाही आणि एक दिवस बरं वाटलं म्हणून गावभर हिंडायचं नाही. शिवाय तीन व्यायाम. चित्रांचा कागद दिला. चित्रातल्या माणसाला चेहराच नाही. त्याला काय, त्याला कंबरसुद्धा नाही, नुसती रेघ आहे.

मत: मुलगी हुशार आहे, अनुभव कमी. कागद फ्रिजवर लावला. उद्यापासून कंबर कसायची.

६ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ

व्यायाम सुरू करण्याआधी तंत्र समजून घेतलं पाहिजे. चुकीच्या व्यायामाने माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. म्हणून हिला चटईवर झोपवलं आणि चित्राप्रमाणे करायला लावलं. मी पलंगावरून बघितलं.

पहिला, उताणं झोपून एकेक गुडघा छातीशी. दुसरा, गुडघे वाकवून कंबर जमिनीवरून उचलायची, पुलासारखी. तिसरा, लहान मूल रांगतं तसं हातापायांवर राहून एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे.

हिला पूल जमेना. मध्येच डोळे मिटून थांबली. सवय नाही. श्वास कसा घ्यायचा ते मी सांगितलं. तेवढ्यात हिची पाळणाघराची वेळ झाली. तिथे दिवसभर असते. हलकं काम. मुलांना खाली ठेव, वर उचल. लहान मुलांना वजन ते काय असणार.

मी स्वतः अजून केले नाहीत. हा आठवडा निरीक्षणाचा.

१० फेब्रुवारी, सोमवार

शोरूममध्ये एक तरुण जोडपं आलं. मी नेहमीची सुरुवात केली, अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण आधी अंथरूण तर धड हवं ना. हसले. मग त्यांना मणक्यांमधल्या गादीविषयी सांगितलं. देवाने प्रत्येकाला आतून गाद्या देऊनच पाठवलंय, आणि त्यांची वॉरंटी चाळिशीत संपते. खालून दुसऱ्या मणक्याची माझी स्वतःची हकीकत सांगितली. त्यातली बायको म्हणाली, पण आम्हाला कुठे काही झालंय. म्हटलं, अजून नाही.

ते विचार करून येतो म्हणाले.

मालकांनी संध्याकाळी बोलावलं. म्हणाले, लोक गादी घ्यायला येतात आणि तुम्ही त्यांना हॉस्पिटलचा पत्ता विचारत घरी पाठवता. यापुढे कमरेबद्दल बोलू नका. मी म्हटलं, कमरेबद्दल बोलायचं नाही तर गादीबद्दल काय बोलणार. ते म्हणाले, मऊ आहे म्हणा.

या धंद्यात अभ्यासाला किंमत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

चालण्याचा शुभारंभ. नवे बूट, नवा कमरेचा पट्टा. पट्टा इतका घट्ट की बूट हिने घातले. लेस बांधून झाल्यावर ही तशीच माझ्या पायांशी बसून राहिली. म्हटलं, ऊठ आता. म्हणाली, उठते.

बिल्डिंगच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे बाकावर दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर होते. त्यांनी सहज विचारलं, कंबर काय म्हणते. माणसाने विचारल्यावर अर्धवट सांगणं बरं नव्हे. सुरुवातीपासून सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. मास्तर मध्येच म्हणाले, दूध तापत ठेवलंय घरी, पण बसले बिचारे.

एकूण बराच वेळ घराबाहेर होतो. हा सगळा चालण्यात धरायला हरकत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा प्रयोग अंगाशी आला. आमची गादी आमच्या शोरूममधली सगळ्यात कडक, ऑर्थो, मी स्वतः निवडलेली. तरी काल वाटलं, अजून कडक हवं. म्हणून प्लायवूडचा तक्ता जमिनीवर टाकून त्यावर झोपलो. सकाळी डोळे उघडले, बाकी काही उघडेना. कुशीवर वळता येईना. हिला हाक मारली. हिने काखेत हात घालून मला उचलून बसवलं, पाळणाघरात मुलांना उचलतात तसं. त्या बाबतीत तरबेज आहे.

पण मग तीच खाली बसली ती उठेना. चहाला उशीर झाला.

हिने आज रजा टाकली. माझ्यासाठी असणार. मात्र दिवसभर तीच पडून होती, त्यामुळे जेवणाची गैरसोय झाली. ब्रेड खाल्ला. डॉक्टरांनी पडून राहू नका असं स्पष्ट सांगितलंय, ते मी हिच्या कानावर घातलं. ही भिंतीकडे तोंड करून होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हिचं व्यायामाचं चांगलं बसलंय. मी सांगायच्या आधीच सकाळी चटई टाकते. पूल आता सरळ येतो. मी पलंगावरून मोजतो, कधी डोळा लागतो. तंत्र मला संपूर्ण समजलं आहे. करणं हा आता फक्त तपशील उरला.

फिजिओबाईंची कालची अपॉइंटमेंट राहिली. शोरूममध्ये स्टॉक मोजायचा होता. मागच्या आठवड्याचीही राहिली होती, तेव्हा कंबर फार दुखत होती. इतकं दुखत असताना फिजिओकडे कोण जातं.

४ मार्च, मंगळवार

मुलीचा फोन. ती नोकरीच्या गावी खोली बदलतेय. शनिवारी-रविवारी दोघं या म्हणाली. म्हटलं, खोकी उचलणं मला शक्य नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही उचलू नका, नुसते बसा, पडदे कुठले लावायचे ते सांगा. म्हटलं, बसचा प्रवास, खड्डे, माझा खालून दुसरा मणका. म्हणाली, बरं.

पुन्हा आग्रह केला नाही. समजूतदार आहे. आधी आग्रह करायची, दोन-तीनदा फोन करायची. आता कळतं तिला.

ही एकटी जाणार.

८ मार्च, शनिवार

ही पहाटेच्या बसने गेली. दोन पिशव्या होत्या, एक जड. मी दारापर्यंत गेलो.

दिवस संपूर्ण विश्रांतीचा ठरवला. सकाळी दूध संपलं म्हणून दुकानात. आल्यावर लक्षात आलं की ब्रेड राहिला, परत दुकानात. हिने बिस्किटांचा डबा माळ्यावर कुठे ठेवलाय सापडेना, स्टूलवर चढून सगळा माळा पाहिला. बाथरूमचा नळ गळत होता, त्याच्याखाली बसून वॉशर बदलला. दुपारी लिफ्ट बंद पडली, पाण्याचा मोठा कॅन जिन्यावरून आणला. संध्याकाळी मास्तरांबरोबर तळ्यापर्यंत जाऊन आलो, ते त्यांच्या शाळेतलं काही सांगत होते, त्यात चालणं कळलंच नाही.

आत्ता लिहायला बसल्यावर लक्षात येतं की आज कमरेकडे लक्षच गेलं नाही. पूर्ण विश्रांतीचा हा परिणाम. डॉक्टर आणि फिजिओबाई दोघांनी याची नोंद घेतली पाहिजे.

९ मार्च, रविवार, संध्याकाळ

ही आली. दाराची किल्ली लावल्याचा आवाज आला आणि कमरेत बारीक कळ. योगायोग.

मुलीच्या खोलीला मोठी खिडकी आहे म्हणे. सामान तिसऱ्या मजल्यावर चढवलं, दोघींनीच. मुलीने माझ्या कमरेची चौकशी केली का, विचारलं. ही म्हणाली, केली. जरा वेळाने म्हणाली, म्हणजे मीच सांगितलं.

हिला गरम पाण्याची पिशवी करायला सांगितली. दोन करून आणल्या. मला एकच लागते.

१७ मार्च, सोमवार

एक प्रसंग. दुपारी गर्दी नव्हती. डिस्प्लेच्या मधल्या पलंगावर मेमरी फोमची नवी गादी आली आहे, ती गिऱ्हाइकाला समजावायची तर आधी आपण अनुभवायला नको का. आडवा झालो. गादीचा दर्जा असा की लगेच झोप लागली.

एक म्हाताऱ्या बाई मुलगा-सुनेबरोबर आल्या होत्या. मला बराच वेळ बघून त्यांनी मालकांना विचारलं, हे पलंगाबरोबरच येतात का.

मालक हसले नाहीत. मला खालच्या तळघरात उशांचा विभाग दिला आहे. तिथे पलंग नाहीत. म्हणजे एका अर्थाने स्वतंत्र विभागच. उशी म्हणजे मान, आणि मान म्हणजे कण्याचं वरचं टोक. विषय तोच, फक्त मजला वेगळा.

हिला सांगितलं. म्हणाली, पगार तोच ना. म्हटलं, तोच. म्हणाली, मग जिना जपून उतरा.

२६ मार्च, बुधवार

आज फिजिओबाईंकडे गेलो. त्यांनीच फोन केला होता. हिला बरोबर घेतलं, सुट्टीच होती तिची.

फिजिओबाई म्हणाल्या, व्यायाम कसे चाललेत. म्हटलं, एक दिवस खंड नाही. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, पूल करून दाखवा. मी तंत्र तोंडी सांगायला घेतलं. टाचा कुठे, श्वास कधी सोडायचा, कंबर वर नेताना घाई का नको. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर सांगताय, आता करा. मी गादीवर उताणा झालो. कंबर वर जाईना. म्हणजे मुळीच जाईना. छताला एक पंखा होता, तो बघत राहिलो.

म्हटलं, प्रत्यक्ष करायला ही असते.

फिजिओबाईंना कळेना. मग ही पुढे आली, चटईवर झोपली आणि पूल केला. तिसरा व्यायामही केला, हात-पाय लांब करून. फिजिओबाई तिच्याकडे बघत होत्या, पण वेगळंच काहीतरी बघत होत्या. म्हणाल्या, उठताना तुम्ही डाव्या बाजूने का उठता? ही म्हणाली, सवय आहे. त्या म्हणाल्या, दुखतं का? ही माझ्याकडे बघून म्हणाली, थोडं.

किती दिवसांपासून?

ही म्हणाली, मुलगी शाळेत होती तेव्हापासून.

मुलगी आता नोकरीला आहे.

मग फिजिओबाईंनी हिला टेबलावर बसवलं आणि बरंच विचारलं. पायात मुंग्या येतात का, ताकद कमी वाटते का, लघवीला काही त्रास, ताप, वजन उतरलंय का. ही नाही, नाही म्हणत गेली. फक्त म्हणाली, फार वेळ उभी राहिले की डावा पाय बधीर होतो. फिजिओबाईंनी गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली, पायाचा अंगठा वर ढकलायला सांगितला. धोक्याचं काही दिसत नाही म्हणाल्या, तरी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. काम काय करता? ही म्हणाली, पाळणाघरात. किती मुलं? ही म्हणाली, तिथली ना? त्यावर दोघी हसल्या. का हसल्या मला कळलं नाही.

ही म्हणाली, या व्यायामांनी खूप फरक पडलाय पण. यांच्यामुळेच.

माझं नाव निघालं, तेव्हा मी मान हलवली.

मी अजून गादीवरच होतो. उठायला दोघींनी हात दिला.

२६ मार्च, नंतर

येताना हिला विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीस. म्हणाली, सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, बघ, आता कळलं ना तुला मला काय होतं ते. आणि मग तुमचंच सांगत बसलात.

मला आठवत नाही. वाक्य माझं वाटतं.

३० मार्च, रविवार

हिने आज मुलीच्या इथल्या खोलीत अंथरूण घातलं. मुलीची जुनी गादी, कापसाची, मध्ये जरा खोल गेलेली. मी म्हटलं, ही गादी कमरेला घातक आहे. ही म्हणाली, फिजिओबाई म्हणतात, दगडासारखी कडक गादीच हवी असं काही नाही. जिच्यावर आपल्याला झोप लागते ती चांगली. मला यावर लागते.

म्हटलं, आणि आपली ऑर्थो?

उशीला अभ्रा घालता घालता म्हणाली, मला ती कधीच मानवली नाही. सकाळी उठले की अंग लाकूड झालेलं असायचं.

म्हटलं, बावीस वर्षं मी गाद्या विकतोय. एकदा बोलायचं होतंस.

म्हणाली, म्हणूनच नाही बोलले.

रागाने म्हणाली नाही. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

३१ मार्च, सोमवार

उशा. गिऱ्हाईक नाही.

पलंगावर आता जागा भरपूर. तरी कडेलाच झोपलो.

३ एप्रिल, गुरुवार

कंबर दुखते. नेहमीपेक्षा जास्त नाही, कमी नाही. सांगायला गेलो तर ही चटईवर होती, श्वास मोजत. थांब म्हणून हात केला. थांबलो. मग काय सांगायचं होतं ते राहिलं.

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या, असं म्हणतात. हिचं आलं कधी तेच मला कळलं नाही. हत्ती घरातून गेला आणि मी पलंगावर होतो.

हे वाक्य बरं जमलं. पण कुणाला दाखवणार.

९ एप्रिल, बुधवार

ही दर बुधवारी फिजिओबाईंकडे जाते. डॉक्टरांनाही दाखवून आली, मुलगी खास त्यासाठी आली होती. दोघी परस्पर गेल्या. मी तळघरात होतो. डॉक्टर म्हणाले, पायाची नस जरा दबते, व्यायाम चालू ठेवा, मुलांना उचलायची पद्धत बदला. पाळणाघरात आता ही आधी खाली बसते, मूल छातीशी घेते, मग उठते. मला करून दाखवलं, उशी घेऊन. उशी आमच्याच विभागातली.

फिजिओबाईंकडे येणाऱ्या दोन बायकांशी हिची ओळख झालीय. तिघी मिळून चालतात. परत येते तेव्हा चेहरा लाल असतो आणि काहीतरी सांगत आत येते. मी दिसलो की जरा थांबते, मग सांगते. कधी नाही सांगत.

मला विचारलं, येता का चालायला. म्हटलं, पट्ट्याचं बक्कल तुटलंय. म्हणाली, पट्टा नसला तरी चालतं असं फिजिओबाई म्हणतात. म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. ही गेली. बक्कल मी नंतर पाहिलं. चांगलं होतं.

संध्याकाळी विचार केला. माझी केस गुंतागुंतीची आहे. हिची साधी होती, म्हणून लवकर फरक पडला. फिजिओबाईंना हे नीट पटवून द्यायला हवं. पुढच्या बुधवारी स्वतः जाईन. काय काय बोलायचं ते ठरवलं आहे.

१६ एप्रिल, बुधवार

गेलो. हिच्याबरोबरच निघालो. वाटेत मुद्दे मनात घोळवत होतो. ही आत गेली. मी काउंटरवर माझं नाव सांगितलं. रिसेप्शनच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. म्हणाली, तुमच्या बऱ्याच अपॉइंटमेंट राहिल्या, फाइल बंद केलीय. नवीन पेशंट म्हणून पुढच्या महिन्यातली तारीख देऊ का? म्हटलं, द्या. मग म्हणाली, आज कोणाबरोबर आलात? म्हटलं, बायकोबरोबर. म्हणाली, मग नातेवाईकांनी तिकडे बसायचं.

तिकडे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. पाठ मागे वाकलेली, कमरेला काहीच आधार नाही. बसलो.

शेजारी एक गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, कोणाला आणलंत. म्हटलं, बायकोला. कंबर. म्हणाले, बरेच दिवस? म्हटलं, मुलगी शाळेत होती तेव्हापासून. त्यांनी चक् केलं. मग म्हणाले, माझंही तेच, आणि सुरुवातीपासून सांगायला लागले. कोणत्या साली, काय उचलताना, कुठल्या डॉक्टरने काय सांगितलं आणि ते कसं चुकलं. त्यांचाही खालून दुसराच मणका. मी मध्ये एकदा तोंड उघडलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, नाही, तुम्हाला नाही कळायचं. ज्याची दुखते त्यालाच कळतं.

म्हटलं, हो.

पुढे ते बराच वेळ बोलत होते. मी ऐकलं. घरी दूध तापत ठेवलंय असं म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं.

ही बाहेर आली. फिजिओबाई दारापर्यंत आल्या, मला बघून नमस्कार केला, हिला म्हणाल्या, छान चाललंय, वाढवू नका फक्त एकदम. माझ्या मुद्द्यांची वेळ ती नव्हती. ही म्हणाली, कंटाळलात का. म्हटलं, नाही. म्हणाली, मी चालत जाते, तुम्ही बसने या. म्हटलं, चालतो.

ही हळू चालत होती. मला वाटलं, माझ्यासाठी. औषधांच्या दुकानापुढे ही थांबली, भिंतीला हात लावला आणि डावा पाय नुसता झटकत राहिली. म्हणाली, बधीर झालाय, जाईल आत्ता. माझीही कंबर दुखत होती. ते सांगितलं नाही. नातेवाईकांनी अशा वेळी काय करायचं हे फिजिओबाईंनी मला कधी सांगितलेलं नाही. कागदावर त्याचं चित्र नाही. लोक बाजूने जात होते. मी उभा राहिलो.

मग म्हटलं, पिशवी दे इकडे.

ही म्हणाली, राहू दे, तुमची कंबर. म्हटलं, दे. तिने दिली.

घरी येऊन उघडली. आत एक टॉवेल होता.